श्राद्ध सोडले, पूर्वज सोडायचे नव्हते

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला निघाले की नांदगाव पेठ लागते. आज हे गाव टोलनाका आणि एमआयडीसीसाठी ओळखले जाते. आमच्या वस्तीतली बरीच माणसे तिथे ठेकेदाराच्या हाताखाली राबतात आणि त्यांची लेकरे इंजिनीअरिंगची, नर्सिंगची स्वप्ने पाहतात. बारावीचा निकाल लागला की ही लेकरे फाईल घेऊन आमच्याकडे येतात. जात पडताळणीचा अर्ज भरायचा असतो. त्यात एक कागद वंशावळीचा असतो आणि तो शपथेवर लिहून द्यायचा असतो.

असे अर्ज आम्ही गेली दहा वर्षे भरत आलो आहोत. पेन कुठे थांबतो ते आता पाठ झाले आहे. बापाचे नाव येते, आज्याचे नाव येते. पणज्यापाशी आले की बाप लेकीकडे पाहतो आणि लेक बापाकडे. पणजीचे नाव तर कोणी विचारतच नाही, कारण अर्जात तिला रकानाच नसतो.

लोकांचे कशाला, आमचेच सांगतो. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले. कुटुंब आणि नातेसंबंध या विषयावर पानेच्या पाने लिहून गुण मिळवले. स्वतःच्या पणजीचे नाव मात्र आम्हाला तिशी उलटल्यावर कळले. तेही आमच्या भावाच्या मुलीची फाईल अडली म्हणून.

या लेखात आमचे म्हणणे एवढेच आहे. बाबासाहेबांनी आपल्याला श्राद्ध सोडायला सांगितले. पूर्वज विसरायला सांगितले नव्हते. आपण पहिले केले आणि ते बरोबरच केले. पण त्याच्या सोबतीने दुसरेही होऊन गेले आणि ते आपल्या लक्षातही आले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारणारी आहे. ती का दिली हे नीट समजून घेतले पाहिजे. मेलेल्या माणसाची भूक जिवंत भटाच्या पोटातून भागते, हे सांगणारा धंदा तिने बंद केला. मागच्या जन्माच्या पापामुळे तुम्ही या जातीत जन्मला, हे सांगणारी व्यवस्थाच पितरांना मोक्ष देण्याचा ठेकाही घेत होती. ज्या देवळाची पायरी आपल्या आज्याला चढू दिली नाही, त्याच देवळाच्या ओट्यावर त्याच्या नावाचा पिंड ठेवायचा, यात कसला आलाय सन्मान? ती प्रतिज्ञा म्हणजे पूर्वजांचा अपमान थांबवणारी प्रतिज्ञा होती.

पण धर्मांतरापूर्वी आपल्या वऱ्हाडातल्या घरांत आखाजीला घागर भरली जायची. घरातली म्हातारी बाई एकेकाचे नाव घ्यायची. सासऱ्याचे, सासूचे, बाळंतपणात गेलेल्या जावेचे, लहानपणी गेलेल्या लेकराचे. कर्मकांड चूकच होते. मात्र त्या कर्मकांडाच्या पोटात एक वंशावळ दडलेली होती आणि ती बाईच्या तोंडी होती. आपण घागर बंद केली, तेव्हा ते नाव घेणेही बंद झाले. त्याच्या जागी आपण काही ठेवले का? बुद्धाची मूर्ती ठेवली, बाबासाहेबांचा फोटो लावला, ते योग्यच केले. पण आजी-आज्याच्या आई-बापांची नावे कुठे लिहिली?

यावर कार्यकर्त्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो. धम्मदीक्षेने आपला नवा जन्म झाला, मग मागचे कशाला उकरायचे? मेलेली ढोरे ओढल्याचा आणि शिळे तुकडे मागितल्याचा इतिहास पोरांना सांगायचा का? हा प्रश्न मनापासून येतो हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही आजीला पहिल्यांदा विचारले तेव्हा तीही हेच म्हणाली, ‘काहून पुसतं बाप्पा ते जुनं? चांगलं काय हाय त्यात?’

उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात पाहू. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा १९२३ चा ग्रंथ त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. पाकिस्तानवरचा ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. १९४६ चा ‘शूद्र पूर्वी कोण होते’ महात्मा फुल्यांना, तर १९४८ चा अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला. पूर्वजांचे ऋण कसे मानायचे हे यातून दिसते. त्यांनी कुणाला पिंड दिला नाही, ग्रंथ दिले. आणि अस्पृश्य मुळात कोण, हा प्रश्न घेऊन अख्खा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या अनुयायांनी ‘मागचे कशाला उकरता’ असे म्हणावे?

कोरेगावचे उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथल्या स्तंभापाशी गेले. त्या दगडावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतली बावीस नावे महार शिपायांची आहेत. ती ओळखली कशावरून? नावापुढच्या ‘नाक’ या प्रत्ययावरून. ‘नाक’ लागलेले नाव दगडावर टिकले म्हणून शंभर वर्षांनी त्या नावांना वारस भेटले. नावे कोरली नसती, तर लढाई दुसऱ्यांची झाली असती आणि स्तंभही दुसऱ्यांचाच राहिला असता.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. सवर्णांच्या घरची नावे क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत असतात, सनदांत असतात, वाड्यातल्या पेटीत असतात. आपल्या माणसाची नोंद कुठे सापडते? कोतवाल बुकात. हा शब्द विदर्भाबाहेरच्या मित्रांना नवा वाटेल. इथे जात पडताळणीच्या फाईलमध्ये सर्वांत वजनदार कागद हाच. गावातल्या जन्म-मृत्यूची ती जुनी सरकारी नोंदवही. १९५३ च्या नव्हे, १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आले आणि पुढे महसुलाबरोबर माणसांच्या जन्म-मरणाचीही मोजदाद सुरू झाली. बहुतेक गावांत कोतवाल आपल्यातलाच असायचा. कुणाच्या घरी काय झाले ते तो सांगायचा आणि लिहिणारा हात दुसऱ्याचा असायचा. जुनी पाने पुष्कळदा मोडीत असतात आणि मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो.

त्या पानांवर आपला माणूस कसा भेटतो? ‘अमुक वल्द तमुक, महार.’ आडनाव नाही. शेवटचा शब्द तेवढा ठळक. आज तोच शब्द दाखवून आपली पोरगी कॉलेजात जाते, कारण अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे आणि त्याआधीचा पुरावा मागितला जातो. बौद्धांचा त्या आदेशात समावेश व्हायला १९९० साल उजाडले. म्हणजे ज्या शब्दापासून सुटायला आजोबा नागपूरला गेले, तोच शब्द शोधायला नातवाला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जावे लागते. अनेक तरुणांना याची चीड येते आणि ती यायलाच पाहिजे. पण आमचे म्हणणे, कागद हातात आलाच आहे तर फक्त जात पाहून फाईलला लावू नका. शेवटच्या शब्दाच्या आधीचे दोन शब्दही वाचा. तिथे तुमचा आजा आहे.

आमच्या हाती आलेल्या नकलेत एक ओळ होती. पणजोबाचे नाव, पुढे महार, पुढे ‘मुलगी झाली’. साल १९१६. आमच्या घरात अशी कुणी मुलगी कोणाला ठाऊक नव्हती. आजोबा घरातले थोरले, असेच आम्ही ऐकत आलो होतो. आणखी पाने काढून घेतली. १९१८ च्या मृत्यूंच्या पानांवर पुन्हा पणजोबाचे नाव, पुढे ‘मुलगी, वय २, ताप’. त्या पानावर एकाखाली एक ‘ताप’ लिहिले होते. ती मानमोडीची साथ होती. सरकारच्या वहीत ती पोर जन्मली आणि मेली, पण दोन्ही वेळा तिला नाव नव्हते.

आम्ही आजीला ती ओळ वाचून दाखवली. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘हाव. माही सासू सांगे. मानमोडीत गेली ते.’ आणि तिने नाव सांगितले. ज्या नणंदेला तिने कधी पाहिले नव्हते, तिचे नाव तिने सासूकडून ऐकून सत्तर वर्षे जपले होते. त्याच बसण्यात सासूचे, म्हणजे आमच्या पणजीचेही नाव निघाले. कागदाला जे माहीत नव्हते ते आजीला माहीत होते. आम्ही मात्र तिला कधी विचारलेच नव्हते.

ज्यांच्या आठवणीची ही गत झाली, ते लोक स्वतः कोण होते? गावोगावचा महार हा गावाच्या आठवणीचाच कारभारी होता. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की त्याची साक्ष निघायची, कारण कोणती शीव कुठून जाते हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे. गावात कोणी मेले की सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन तोच जायचा, ऊन असो की पाऊस. गावच्या जमिनीची सीमा त्याच्या डोक्यात होती आणि गावच्या प्रत्येक मरणाची बातमी त्याच्या पायांनी चालली. त्याला जमीन मिळाली नाही आणि त्याच्या मरणाचा सांगावा इतिहासाकडे कोणी नेला नाही. हे काम आता आपलेच आहे.

नावांचाही एक इतिहास आहे. जुन्या नोंदींत आपली माणसे सख्या, गोंद्या, भिक्या, धोंड्या अशी दिसतात. पाटला-देशमुखांच्या नावाला ‘जी’ आणि ‘राव’ लागतो, आपल्या नावाची शेपटी छाटलेली असते. घरात तो माणूस सखाराम असेल, गोविंदा असेल. लिहिणाऱ्याने त्याला ‘या’ लावून लहान केले. पुढे १९५६ नंतरचे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडा. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, यशोधरा, प्रज्ञा अशी नावे येऊ लागतात. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख ९० हजार बौद्ध नोंदले गेले, हा आकडा आपण भाषणात सांगतो. त्या आकड्याचा खरा अर्थ आपल्याच घरच्या तीन पिढ्यांची नावे एकाखाली एक लिहिली की कळतो. धोंड्याचा नातू सिद्धार्थ कसा झाला, ही क्रांती त्या तीन ओळींत दिसते. मात्र त्यासाठी धोंड्याची ओळ लिहावी लागेल. ती लपवली तर सिद्धार्थ हे नुसतेच एक गोड नाव उरते.

बायांच्या नोंदीचे हाल याहून वाईट. जुन्या कागदात बाई ‘जौजे अमुक’ म्हणून येते किंवा ‘बेवा अमुक’ म्हणून. नवरा असेपर्यंत त्याची बायको आणि मेल्यावर त्याची विधवा. माहेर कुठले, बाप कोण, काही नाही. वंशावळीच्या नमुन्यात तर फक्त बापाचीच रेघ चालते. आंबेडकरी माणसानेही घरची वंशावळ तशीच काढायची असेल, तर मनुस्मृती जाळून काय साधले?

या बाबतीत रस्ता दाखवणारे काम झालेले आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बाया शोधल्या, त्यांच्या भेटी घेतल्या, त्यांचे बोलणे लिहून घेतले आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभे केले. सभेला बाया होत्या हे सर्वांनाच माहीत होते, त्या कोण होत्या हे या दोघींनी विचारले. विचारायला आणखी दहा-वीस वर्षे उशीर झाला असता तर सांगायला कोणी उरले नसते.

आणखी मागे जायचे तर वऱ्हाडचेच घर आहे. परंपरेप्रमाणे चोखामेळ्याचे गाव म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातले मेहुणा राजा. मंगळवेढ्याला वेठीच्या कामावर भिंत कोसळून १३३८ मध्ये त्याचा अंत झाला. पण या घरातली आणखी माणसे आपल्याला नावानिशी माहीत आहेत. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. सातशे वर्षांपूर्वीच्या एका महार कुटुंबातली पाच नावे, त्यांतल्या दोन बाया! त्या काळच्या किती सरदारांच्या बायकोचे आणि बहिणीचे नाव आज कोणाला सांगता येईल? हे घर टिकले ते पुण्याईने नव्हे. त्या पाचही जणांचे स्वतःचे शब्द मागे राहिले म्हणून टिकले. चोखोबाची वाट भक्तीची होती, आपली ती नाही. तरी बाबासाहेबांनी ग्रंथ अर्पण करताना त्याचे नाव गाळले नाही, हे विसरू नये.

हा प्रश्न एकट्या आपलाच नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांना घराण्याचा शोध घेताना १८७० या सालाची भिंत आडवी येते. त्या वर्षीच्या जनगणनेत गुलामीतून सुटलेल्या माणसांची नावे पहिल्यांदा सरसकट लिहिली गेली. त्याआधी १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या यादीत मालकाचे नाव असे आणि त्याखाली माणसांचे फक्त वय, लिंग, रंग. आमच्या पणजोबाच्या मुलीसारखेच ते. आणि नाते इथेच संपत नाही. १८६१ ते १८६५ च्या ज्या यादवी युद्धानंतर ते गुलाम सुटले, त्याच युद्धात तिकडचा कापूस अडला, इंग्रजांच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली आणि इथे कापसाची तेजी आली. तो कापूस निंदणारे, वेचणारे हात कुणाचे होते? त्या हातांची नावे तरी कुठे आहेत?

१९७६ मध्ये ॲलेक्स हॅली यांचे ‘रूट्स’ आले आणि लाखो काळ्या कुटुंबांनी आपली मुळे शोधायला घेतली. पुढे संशोधकांनी हॅली यांच्या वंशावळीत दोष दाखवले, हेही लक्षात ठेवू. शोध घेतला हे चुकले नव्हते. ऐकीव आणि सिद्ध यांतली रेघ पुसट झाली, ते चुकले.

यातूनच आमचा दुसरा आक्षेप येतो आणि तो आपल्याच लोकांवर आहे. हल्ली काही जण कुटुंबाचा इतिहास म्हणून थेट राजघराण्याशी नाते जोडून मोकळे होतात. मधल्या वीस पिढ्यांचा पत्ता नसतो आणि टोकाला सम्राट उभा असतो. ही ब्राह्मणी रोगाचीच नक्कल आहे. मोठ्या कुळात जन्मलो म्हणून आपण मोठे, हाच तर जातीचा पाया. बुद्धाने माणसाची किंमत जन्मावर नाही, कर्मावर ठरवली. आपल्याला राजा पूर्वज नको. छप्पनच्या दसऱ्याला पांढरे लुगडे नेसून नागपूरला गेलेली आजी पुरेशी आहे.

आणि अशी माणसे प्रत्येक घरात आहेत. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय अंबादेवी मंदिराच्या सत्याग्रहाचा. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी बाबासाहेबांना तिथे मिळाली. मंचावर कोण होते ते चरित्रांत आहे. समोर कोण बसले होते? बैलगाडीने, पायी, भाकर बांधून आसपासच्या खेड्यांतून आलेली ती माणसे कोणाची कोण होती? आमच्या गावापासून अमरावती काही कोसांवर. आमचा पणजोबा तिथे होता की नाही, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही. तुमच्या घरी कदाचित अजून कोणी असेल.

म्हणून मित्रहो, कामाचे बोलू. सुरुवात कागदापासून करू नका, माणसापासून करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, मोबाईलचे रेकॉर्डिंग सुरू करा आणि आधी बायांची नावे विचारा. माहेर कुठले, जात्यावर काय गायचे, दुष्काळात काय खाल्ले, नागपूरला कोण कोण गेले, पहिल्यांदा शाळेत कोण गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. आपल्या आजीच्या चार ओव्या आपण लिहून घेऊ शकत नाही का?

मग कागद. शाळेचे दाखल-खारीज, कोतवाल बुकाची नक्कल, १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, जमीन असेल तर फेरफार. अर्ज करताना शुद्धलेखनाचा आग्रह धरू नका. एकच माणूस तीन कागदांत तीन नावांनी सापडतो. वहीत दोन रकाने करा, एकात कागदावरचे, दुसऱ्यात ऐकलेले. कोणी सांगितले आणि कधी सांगितले तेही लिहा. रजिस्टरमध्ये गोंद्या असेल तर तेही लिहा आणि शेजारी घरात हाक मारायचे ते गोविंदा लिहा.

आणि ती वही वाचायची केव्हा? सर्वपित्री अमावास्येनंतर दहाव्या दिवशी अशोक विजयादशमी येते. आजूबाजूला लोक कावळ्याची वाट पाहून दमलेले असतात. त्या दिवशी पंचशील झाले की घरातल्या सर्वांत लहान लेकराच्या हाती वही द्या आणि त्याला नावे वाचू द्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही नेत्यांची भाषणे थोडी कमी करा आणि गेलेल्या माणसाचे आयुष्य वाचून दाखवा. तो कुठे राबला, किती शिकला, कोणाला शिकवले. यात कुणाला काही खाऊ घालायचे नाही, कुणाला मोक्ष द्यायचा नाही. आपण कोणाच्या कष्टावर उभे आहोत, ते माहीत करून घ्यायचे आहे.

आमची वही आता एकोणीस नावांची झाली आहे. त्यांतली अकरा बायांची आहेत. पहिल्या पानावर त्या दोन वर्षांच्या पोरीचे नाव आहे. ते इथे लिहीत नाही, ते घरचे आहे. गेल्या दसऱ्याला भावाच्या मुलीने ते मोठ्याने वाचले. तिची पडताळणी झाली आहे, ती आता नर्सिंगला आहे. तिच्या फाईलमधल्या शंभर वर्षांपूर्वीच्या त्या ओळीत जे नाव नव्हते, ते तिच्याच तोंडून निघाले. आजी भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, ‘आता लिवलं न? मंग बरं झालं.’

जय भीम!